काळ्या रेशमातला इंग्रज ड्यूक: व्हॅन डाइकची प्रतिकृती करताना

जुन्या इंग्रज सरदाराचं तैलचित्र प्रतिकृतीसाठी निवडलं की बहुतेक जण सगळी ताकद चेहऱ्यावर लावतात. कोल्हापुरात तर हे होणारच. पोर्ट्रेट म्हणजे साम्य आणि साम्य म्हणजे चेहरा, ही इथली जुनी शिस्त. चेहरा जमतोही. पण दहा फूट मागं जाऊन पाहिलं की चित्र पडलेलं दिसतं: अंगरख्यात घड्याच नाहीत, लेसची कॉलर सपाट पांढरी, आणि चेहरा बाकी चित्रापासून सुटलेला. दोष चेहऱ्याचा नसतो. कॅनव्हास पांढराच ठेवला आणि काळा ट्यूबमधून थेट लावला, तिथंच चित्र बिघडलेलं असतं.

उदाहरणासाठी एकच चित्र घेऊ. फ्लेमिश चित्रकार अँथनी व्हॅन डाइकनं १६३३ ते १६३५ च्या दरम्यान रंगवलेला जेम्स स्ट्युअर्ट, ड्यूक ऑफ रिचमंड अँड लेनॉक्स. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, माप ८५ बाय ५०¼ इंच, म्हणजे माणूस जवळजवळ त्याच्या खऱ्या उंचीचा. शिवाजी महाराज तेव्हा तीन ते पाच वर्षांचे होते, एवढ्यावरून काळाचा अंदाज यावा. जेम्सचा जन्म १६१२ चा, तो राजा पहिला चार्ल्स याचा नातलग. १६३३ मध्ये त्याला ऑर्डर ऑफ द गार्टर, म्हणजे इंग्लंडच्या राजाचा मानाचा सरदारी किताब, मिळाली, आणि चित्रात त्याचाच थाट आहे: झग्यावर डाव्या बाजूला चंदेरी तारा, गळ्यातल्या फितीला पदक. रिचमंडची ड्यूकी मात्र १६४१ ची, त्यामुळं चित्र रंगलं तेव्हा तो फक्त लेनॉक्सचा ड्यूक होता. पुढं इंग्लंडच्या यादवी युद्धात त्याचे तीन भाऊ राजाच्या बाजूनं लढताना गेले. त्यांतल्या जॉन आणि बर्नार्ड या दोघांचं व्हॅन डाइकनंच केलेलं जोडचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रेशीम रंगवायचं शिकायचं असेल तर तेही उघडून पाहा, पण सुरुवात त्याच्यापासून करू नका.

हे चित्र निवडायची कारणं सरळ आहेत. मांडणी साधी: एक माणूस, एक उंच शिकारी कुत्रा, गडद पार्श्वभूमी. कपडा काळा, त्यामुळं रंगांची भानगड कमी आणि छटांची परीक्षा जास्त. आणि म्युझियमनं २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या प्रतिमा सीसी-झीरो परवान्यानं खुल्या केल्यात. प्रतिमा उतरवून घ्यायला, छापायला, प्रतिकृती विकायलासुद्धा कुणाची परवानगी लागत नाही.

नक्कल करण्यात कमीपणा वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. उभा सरदार आणि त्याला बिलगलेला कुत्रा ही ठेवण इटलीच्या टिशियननं १५३३ च्या सुमारास केलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सच्या चित्रातली. ते चित्र १६२३ मध्ये स्पेनहून इंग्लंडच्या राजपुत्राला, म्हणजे पुढच्या पहिल्या चार्ल्सला, भेट म्हणून आलं आणि व्हॅन डाइक लंडनला आला तेव्हा राजाच्या संग्रहात होतं. आणि टिशियनचं ते चित्र स्वतःच झाइझेनेगर नावाच्या चित्रकाराच्या १५३२ च्या चित्रावरून केलेलं. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या पूर्णाकृती चित्रांतली ठेवण, एक पाय पुढं, हात कमरेवर किंवा तलवारीवर, मागं पडदा, हीसुद्धा याच वळणाची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आणि फिरत्या युरोपीय चित्रकारांकडून ती इकडे रुजली. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयातली दरबारी तैलचित्रं नीट पाहिलेल्या माणसाला हा ड्यूक फार परका वाटणार नाही.

माप आणि ग्राफ

पूर्ण मापाच्या मागं लागू नका. अर्ध्या मापाचं, म्हणजे ४२½ बाय २५ इंचांचं चित्र घरात मावतं आणि दारातून बाहेरही पडतं. मूळ मापापेक्षा वेगळी प्रत करणं हा प्रामाणिकपणाचा जुना संकेतही आहे. पहिलीच वेळ असेल तर छातीपर्यंतचा भाग घ्या, २४ बाय २० इंच, ज्यात चेहरा, कॉलर आणि तारा मावेल. कुत्रा सोडला तर जे काही शिकायचं ते एवढ्यात येतं.

अर्ध्या मापाला ग्राफ पाडणं फार सोयीचं पडतं. मूळ चित्राचे ५ इंचांचे चौकोन पाडले तर उभे १७ आणि आडवे १० बसतात. डिजिटल प्रेसवर १२ बाय १८ चा कागद सहज मिळतो. त्यावर चित्र बरोबर १७ बाय १० इंचांचं छापून घ्या आणि एक इंचाचे चौकोन पाडा. कॅनव्हासवर तेच चौकोन अडीच इंचांचे. चेहरा, हात आणि कॉलर ज्या चौकोनांत येतात त्यांचे पुन्हा चार-चार भाग करा. नाटकाचे पडदे आणि सिनेमाची पोस्टरं ज्या गावात हातानं रंगली तिथं ग्राफ कसा टाकायचा हे वेगळं सांगायला नको. फक्त एक: रेघा पेन्सिलीनं मारू नका. तेलरंग वर्षागणिक पारदर्शक होत जातो आणि शिशाची रेघ चेहऱ्यातून वर दिसू लागते. पुढं सांगितलेला राखाडी थर वाळल्यावर कोळशानं मारा, रेखाटन पातळ रॉ अंबरनं पक्कं करा, ते वाळलं की कोळसा कापडानं झटकून टाका.

छापील प्रतीचं एक दुखणं आहे. प्रेसवर काळा भाग हमखास गच्च होतो आणि कातडीत गुलाबी चढतो. म्हणून दोन प्रती काढा: एक जशीच्या तशी, दुसरी संगणकावर बरीच उजळून. दुसऱ्या प्रतीत काळ्या अंगरख्यातल्या घड्या, शिवण, बाहीवरच्या चिरा वर येतात. ती फक्त काळ्या भागाच्या रेखाटनासाठी वापरायची. रंग ठरवायला छापील प्रत नको, पडदा बरा. त्यातही जुन्या व्हार्निशचा पिवळेपणा धरून चालू नका. कॉलरमधला सगळ्यात उजळ ठिपका हा पांढरा समजायचा आणि बाकी छटा त्याच्यावरून मोजायच्या.

चौकट, कापड आणि राखाडी जमीन

मांजरपाट नको. तो पातळ असतो, जाड रंगाचं वजन पेलत नाही. लिनन परवडलं तर उत्तम, नाहीतर जाड विणीचं कॉटन डक चालतं. चौकटीचं लाकूड वाळलेलं हवं आणि आतली कड उतरती तासलेली हवी. नाहीतर काही वर्षांनी कडेची रेघ कॅनव्हासवर समोरून उमटते. तीन फुटांच्या वर उंची गेली की मधे आडवी पट्टी लागतेच. कोपरे खिळ्यांनी जाम करू नका, कापड पुन्हा ताणता यावं म्हणून पाचरीची जागा ठेवायला सुताराला सांगा.

ही पाचर कोल्हापुरात चैन नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या दमट हवेत कापड सैल पडतं, मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा ताणलं जातं. जुन्या पद्धतीनं सरस लावलेल्या कापडात हा प्रकार जास्त, कारण सरस हवेतलं पाणी शोषतो, फुगतो, वाळला की आखडतो आणि वरच्या रंगाला तडे देतो. व्हॅन डाइकच्या काळी सरसाला पर्याय नव्हता. आपल्याला आहे. आम्लरहित पीव्हीए किंवा ॲक्रिलिक मीडियमचे दोन पातळ हात द्या, वर ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंग धरणाऱ्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा, मधे २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासून. जास्त घासलं तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पहिला थर सरकत राहतो.

आता राखाडी जमीन, म्हणजे चित्राखालचा रंगाचा पहिला सलग थर. यात आळस केला की पुढचं सगळं दुप्पट अवघड. टिटॅनियम व्हाइट चार भाग, रॉ अंबर एक भाग, आयव्हरी ब्लॅक पाव भाग, थोडा यलो ऑकर. टर्पेंटाइननं जरा पातळ करून रुंद पॅलेट नाइफनं ओढून लावा आणि कापडानं पुसून सारखं करा. अर्ध्या मापाला ४० ते ५० मिलि मिश्रण पुरतं. छटा किती गडद? काळा शून्य आणि पांढरा दहा धरला तर सहाच्या आसपास. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळं हा थर लवकर सुकतो: उन्हाळ्यात आठवडाभरात हात लावता येतो, पावसाळ्यात दुप्पट-तिप्पट वेळ धरा.

राखाडीच का, तर ती मधली छटा फुकट देते. चेहऱ्याची जबड्याकडची बाजू, कॉलरची सावली, काळ्या रेशमाचा मधला उजेड, या सगळ्या ठिकाणी जमीन अर्धवट उघडी राहू शकते. पांढऱ्या कॅनव्हासवर यातली प्रत्येक जागा रंगवून झाकावी लागते, आणि झाकता झाकता रंग जाड होतो.

रंगांची खरेदी थोडी. पांढरा १२० मिलि. रॉ अंबर आणि आयव्हरी ब्लॅक ४० मिलिची एकेक ट्यूब. यलो ऑकर, लाइट रेड, व्हर्मिलियन ह्यू, बर्न्ट अंबर आणि एक टिकाऊ गर्द लाल यांच्या २० मिलिच्या ट्यूब पुरतात. तो गर्द लाल अ‍ॅलिझरिन नको, पातळ थरात तो उडतो, क्विनॅक्रिडोन चालेल. व्हॅन डाइक ब्राउन नावाची ट्यूब दिसली म्हणून घेऊ नका. मूळचा तो रंग कोळशाजवळच्या मातीचा, सुकायला उशीर लावतो, सुरकुततो आणि फिका पडतो. आज त्या नावाखाली काय भरलंय हे ट्यूबच्या पाठीवर वाचल्याशिवाय कळत नाही.

पांढऱ्याबद्दल थोडं जास्त. जुन्या चित्रातला पांढरा शिशाचा. तो विषारी आहे, घरात मुलं असतील तर विसराच. टिटॅनियम त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त झाकतो, कारण त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं माप) सुमारे २.७, शिशाच्या पांढऱ्याचा २ च्या आसपास आणि तेलाचा १.४८. तेलापासून जितका लांब तितकी झाकणशक्ती जास्त. म्हणून टिटॅनियमचा जरासा थेंब कातडीच्या मिश्रणाला पिठूळ करतो. उपाय: पॅलेटवर टिटॅनियममध्ये एक तृतीयांशाइतकी बारीक खडूची पूड आणि गरजेपुरतं जवसाचं तेल घोटून घ्या. खडू तेलात जवळजवळ पारदर्शक होतो, रंगाला अंग येतं आणि झाकण कमी होतं. झिंक व्हाइट मात्र यासाठी वापरू नका. तेलात तो ठिसूळ होतो आणि वरचे थर पापुद्र्यानं सुटतात. तेलही चित्रकलेचं शुद्ध केलेलं घ्या. घाण्याचं जवस तेल भाकरीबरोबरच्या चटणीला झकास, पण न धुतलेलं असल्यानं चित्रात पिवळं पडतं.

चेहरा

फ्रेंच कलालेखक रोजे द पील यांनी १७०८ मध्ये व्हॅन डाइकच्या कामाची हकिगत लिहून ठेवली आहे. एका गिऱ्हाइकाला एका वेळी एक तासाच्या वर तो बसवत नसे. घड्याळ वाजलं की उठून नमस्कार, पुढची वेळ ठरवायची, चाकर ब्रश धुऊन दुसरं पॅलेट आणून देई आणि पुढचा माणूस येई. अंगाची ठेवण राखाडी कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूनं पंधरा मिनिटांत रेखाटून मदतनिसांकडे जाई. कपडे गिऱ्हाईक पाठवून देई, हात पगारी माणसांवरून रंगत. यात आपल्या कामाचं एक सूत्र आहे: एका बैठकीत एकच थर, आणि तो सुकल्याशिवाय पुढचा नाही. एका दमात ओल्यावर ओला चेहरा उरकायची आपली डेमोची सवय इथं बाजूला ठेवावी लागते.

पहिल्या बैठकीत फक्त रॉ अंबर आणि टर्पेंटाइन. सावल्या पुसट, पातळ, खालची राखाडी दिसत राहील अशा. दुसऱ्या बैठकीत उजेडाकडची बाजू: पांढरा, यलो ऑकर, किंचित लाइट रेड, जाडसर, कपाळ आणि नाकाच्या कण्यावर सगळ्यात जाड. तिसऱ्या बैठकीत उजेड आणि सावलीची शीव. उजेडाचा तोच रंग ब्रशवर अगदी थोडा घेऊन, जवळजवळ कोरड्या ब्रशनं सावलीच्या कडेवर ओढत न्यायचा. गडदावर असा विरळ फिका थर आला की तिथं आपोआप निळसर राखाडी छटा उमटते, ट्यूबमधला निळा न वापरता. कारण बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. सकाळच्या धुरकट हवेत जोतिबाचा डोंगर निळा दिसतो त्याचंही कारण तेच. हा थर जाड झाला की निळसरपणा जातो आणि खडूसारखी पांढुरकी कड उरते. तसं झालं तर वरून दुरुस्त करत बसू नका. लगेच पुसून काढा, ओला आहे तोवर जातो.

आपल्या हाताला लागलेली एक सवय इथं आडवी येते. भारतीय वर्णाच्या सावलीत आपण बर्न्ट सिएना सढळ घालतो आणि ते योग्यही असतं. या ड्यूकच्या चेहऱ्यावर तसं केलं तर तो उन्हात भाजलेला दिसतो. इथं सावली हिरवट-राखाडीकडे झुकते, आणि लाल मोजक्याच जागी: नाकाचा शेंडा, गाल, कानाची पाळी, ओठ, डोळ्यांच्या आतल्या कडा, बोटांचे सांधे. तो लाल शेवटी, व्हर्मिलियन ह्यूनं, ग्लेझसारखा, म्हणजे खालचं दिसत राहील असा पातळ. वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद ठेवा. डोळ्यांतलं पांढरं कधीच पांढरं नसतं, ते जमिनीच्या राखाडीहून थोडंसंच उजळ.

केस आधी एका मोठ्या आकारात, अंबर आणि ऑकरनं, पार्श्वभूमी ओली असतानाच, म्हणजे कडा विरघळतात. शेवटी सात-आठ उजळ बटा. एकेक केस काढायला बसणाऱ्याचं चित्र टोपासारखं दिसतं.

काळा अंगरखा

आता मुद्द्याचं. चित्राचा सगळ्यात मोठा तुकडा काळा आहे, आणि त्यात ट्यूबमधला निव्वळ काळा एक दशांशालासुद्धा लागत नाही.

काळं रेशीम तीन गोष्टींनी बनतं. खाली उबदार पारदर्शक तपकिरी, मधे मूळ कपड्याचा गडद राखाडी, वर थंड राखाडीचे तीक्ष्ण उजेड. बर्न्ट अंबरमध्ये थोडा आयव्हरी ब्लॅक मिसळून, टर्पेंटाइननं पातळ करून अख्खा अंगरखा आणि झगा एका हातात भरा. हा हात वाळल्यावर लालसर चहाच्या रंगाचा दिसायला हवा. काळा दिसला तर जाड झालाय. आता उजळलेली छापील प्रत समोर ठेवून घड्यांची दिशा ब्रशच्या मागच्या टोकानं किंवा गडद रंगानं आखा. दुसऱ्या हातात आयव्हरी ब्लॅक दोन भाग, रॉ अंबर एक भाग, पांढरा अर्धा भाग. हे मिश्रण घड्यांच्या पाठींवर. घड्यांच्या खोबणीत ते न्यायचं नाही, तिथं खालचा तपकिरीच राहू द्यायचा. गंमत अशी की खोबण काळ्यानं भरली की ती पुढं येते, पारदर्शक तपकिरी ठेवली की आत जाते.

उजेडासाठी काळा आणि पांढरा एवढंच पुरतं. लालसर तपकिरीच्या शेजारी हा राखाडी निळा वाटतो. रेशमाचा उजेड लोकरीसारखा पसरत नाही: एका बाजूला धारदार कड आणि दुसऱ्या बाजूला पटकन विरणं. म्हणून ब्रश सपाट घ्या, एकदाच ओढा, परत हात लावू नका. दहाच्या पट्टीवर हे उजेड चार-पाचच्या वर जाऊ नयेत. तसं झालं तर कपडा काळा न राहता करडा होतो आणि कॉलरचा पांढरा मरतो. निव्वळ काळा सगळ्यात शेवटी, काखेत, कमरेशी, झग्याच्या आतल्या बाजूला, मोजक्या जागी.

काळ्यानं आणखी दोन त्रास होतात. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश सुकतो. तो जाड लावला आणि वर लवकर सुकणारा रंग आला की वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो, आणि भेगा पडतात. काळ्यात अंबर घालायचा तो यासाठीही. खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वरच्यात तेलाचं प्रमाण वाढतं, हा नियम इथं मोडला तर लगेच कळत नाही, दोन-तीन वर्षांनी कळतं. दुसरा त्रास: सुकल्यावर काळा मधेच बसतो, म्हणजे तेल खाली शोषलं जाऊन मॅट डाग पडतात आणि छटा उजळ वाटते. घाबरून वर काळा चढवू नका. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समान भाग, बोळ्यानं अगदी थोडं चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या कापडानं पूर्ण पुसा. खरी छटा परत दिसते, मग ठरवा काय करायचं ते.

तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि ढिगातला बोळा उन्हाळ्यात आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यानं भरलेल्या, झाकणाच्या डब्यात टाका.

कॉलर, तारा, कुत्रा

लेस पांढऱ्यानं सुरू करणं ही हमखास चूक. आधी कॉलर नाहीच, असं समजा. खांद्यावरचा काळा कॉलरच्या कडेच्या आतपर्यंत रंगवून वाळू द्या. मग पांढरा, काळा आणि अंबर मिळून सहाच्या छटेचा पातळ राखाडी अख्ख्या कॉलरवर, असा की खालचा काळा जरासा जाणवेल. ही झाली सावलीतली लेस. तो वाळल्यावर खडूवाला जाडसर पांढरा, शून्य ते दोन नंबरच्या टोकदार ब्रशनं: ठिपके आणि छोटे वळसे, भोकं सोडून. कडेच्या कमानींमधल्या फटीत पुन्हा अंगरख्याचा काळा. नक्षी पूर्ण फक्त उजेडाच्या बाजूला, चेहऱ्याजवळच्या जागेत. बाकीकडे तीन कमानींत एक नीट आणि दोन सुचवलेल्या. जवळून पाहिलं तर मूळ चित्रातही लेस म्हणजे रंगाचे थेंबच आहेत. सगळीकडे सारखी विणलेली लेस डोळा चेहऱ्यावर टिकू देत नाही.

तारा काढताना कंपास बाजूला ठेवा. झग्यावरचा क्रूस १६२६ पासून, त्याभोवतीचे किरण १६२९ पासून, पहिल्या चार्ल्सच्या हुकमानं आले. हे चंदेरी धाग्यांचं भरतकाम आहे, धातूचा बिल्ला नाही. त्यामुळं झग्याच्या वळणाबरोबर ताराही वळतो. आधी मधल्या राखाडीची लंबगोल टिकली, वाळल्यावर केंद्राकडून बाहेर किरण, उजेडाकडचे जाड पांढरे, सावलीकडचे राखाडीच. चंदेरी रंगाची बाटली कृपा करून उघडू नका. धातूचा भुगा एका कोनातून चमकतो आणि दुसऱ्या कोनातून काळवंडतो, आणि बाकी चित्रातल्या उजेडाशी त्याचा संबंध राहत नाही.

कुत्र्याच्या अभ्यासासाठी ब्रिटिश म्युझियममध्ये व्हॅन डाइकचंच काळ्या खडूचं रेखाटन आहे. आधी ते एकदा कागदावर उतरवा. अंगावर केस जवळजवळ दिसत नाहीत, स्नायू आणि बरगड्या दिसतात, तेव्हा ब्रश केसांच्या नव्हे, स्नायूंच्या दिशेनं. ड्यूकचा हात त्याच्या डोक्यावर टेकलाय. बोटं लांब, निमुळती, सांध्यांत लाल. बोटांपेक्षा बोटांमधली जागा मोजली तर हात लवकर बसतो.

कॅलेंडर आणि व्हार्निश

कोल्हापुरात या कामाचा हंगाम दिवाळीनंतर. नोव्हेंबरमध्ये जमीन, डिसेंबर-जानेवारीत चेहरा आणि काळ्याचे थर, फेब्रुवारी-मार्चमध्ये लेस आणि शेवटचे हात. मग थांबायचं. अंतिम व्हार्निशला किमान सहा महिने लागतात आणि ते सहा महिने मोजले तर नेमका पावसाळा येतो. दमट हवेत व्हार्निश लावलं की त्यावर दुधाळ झाक येते. काळ्या चित्रावर ती सगळ्यात जास्त दिसते. तेव्हा पुढच्या दिवाळीपर्यंत वाट पाहा, गिऱ्हाइकाला घाई असेल तर रीटच, म्हणजे तात्पुरत्या, व्हार्निशचा एक पातळ हात देऊन पाठवा आणि नंतर परत मागवा. पावसाळाभर चित्र भिंतीकडे तोंड करून अंधाऱ्या खोलीत ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. पडलंच तर उजेडाच्या खोलीत ठेवल्यावर बरंचसं निवळतं, थेट ऊन नको.

व्हार्निश कृत्रिम रेझिनचं, टर्पेंटाइन किंवा व्हाइट स्पिरिटनं पुढं काढता येईल असं घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं फर्निचरचं कोपल व्हार्निश स्वस्त पडतं, पण ते तपकिरी होतं आणि चित्राला धक्का न लावता निघत नाही.

फ्रेमसाठी पीओपीची झगमगीत सोनेरी पट्टी नको; या चित्रांना शोभणारी कोरीव सोनेरी फ्रेम, जिला इंग्लंडमध्ये संडरलँड फ्रेम म्हणतात, ती साध्या मोल्डिंगनं साधत नाही. गडद लाकडाची रुंद पट्टी आणि आत बोटभराहून कमी सोनेरी कड पुरते. मागं मोठ्या अक्षरांत लिहा: व्हॅन डाइकच्या चित्रावरून प्रत, तुमचं नाव, साल. समोर त्याची सही नको. टांगताना चारही कोपऱ्यांत कॉर्कचे अर्ध्या इंचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि कॅनव्हासमध्ये हवा फिरते आणि पाठीला बुरशी येत नाही. ओल येणारी पश्चिमेची भिंत टाळा. वरची कड इंचभर पुढं झुकवा आणि दिवा वरून, तिरका येईल असा लावा, नाहीतर काळ्या रेशमात समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब दिसत राहील.